भाऊंच्या मारुती आठशेचं काय करायचं?

(ग्रुप: सोसायटी – फक्त महत्त्वाचे)

वैद्य काकू (बी-१): परत सांगतेय. भाऊंच्या गाडीखाली पुन्हा काळं तेल पसरलंय. पावसाचं पाणी तिथनं सरळ बोअरकडे जातं. काचेखालच्या खाचेत पाणी साठून डास झालेत ते वेगळंच. गेल्या श्रावणात नातवाला डेंगी झाला तेव्हा सगळे "बघूया काकू, बघूया काकू" म्हणत होतात. कधी बघणार?

लाड (सेक्रेटरी): काकू, नोंद घेतली आहे. पुढच्या मीटिंगला विषय घेऊ 🙏

वैद्य काकू: मागच्या मीटिंगला पण घेतला होतात. वही काढून बघा.

कदम काका: १५ वर्षांवरची गाडी सरकार जप्त करतं. कायदा आहे. कृपया सर्वांनी वाचावे.

राणे (बी-२०२): काका, मगे सरकाराक आमच्या पार्किंगचो पत्तो कळवा. येतीत तरी.

शिर्के (खजिनदार): नाक्यावरचा भंगारवाला ९ हजार देतोय. उद्या टेम्पो आणतो म्हणाला. पैसे रंगकामात घालू.

संदेश (ए-१०२, डोंबिवली): शिर्के साहेब, गाडी माझ्या वडिलांची आहे. रंगकामाची नाही.

शिर्के: कोण म्हणतं तुमची नाही? पार्किंगचे पैसे मात्र... असो.

संदेश: असो काय? बोला ना पुढे. मे महिन्यात आलो तेव्हा सगळं भरलंय. पावतीवर सही तुमचीच आहे.

लाड: कृपया वैयक्तिक नको.

प्रणाली (सी-३०४): शिर्के काका, भंगारवाल्याला देऊ नका प्लीज. आरसी अजून भाऊकाकांच्या नावावर आहे. गाडी कापली तरी 'वाहन' या सरकारी पोर्टलच्या नोंदीत ती जिवंतच राहणार. उद्या तिचा चेसिस नंबर कुणी दुसऱ्या गाडीला लावला तर पोलीस ए-१०२ ची बेल वाजवतील. गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, मोटार वाहन कायदा, कलम ५५.

साखरकर (गॅरेज): पोरगी बरोबर बोलते. आणि ९ हजार कसले देतो तो? आत बॅटरी नाही, स्टेपनी नाही. मी परवाच वाकून बघितली. तळाचा पत्रा खाऱ्या हवेने चाळण झालाय, धक्का मारायला गेलात तर बंपर हातात येईल.

संदेश: बॅटरी नाही म्हणजे? मेमध्ये होती.

राणे: स्टेपनी खंय गेली ता जोशी काकांच्या गच्चीवरच्या तुळशीक इचारा 😄

जोशी काका (सी-४०१): राणे, तो टायर मला भाऊंनी स्वतः दिला होता. ते असताना. उगीच काहीही बोलू नये.

वैद्य काकू: विषय तेलाचा आहे.

कदम काका: १५ वर्षांवरची गाडी सरकार जप्त करतं. कायदा आहे.

प्रणाली: कदम काका, तसं नाहीये. दिल्लीकडचं प्रकरण वेगळं, तिथे कोर्टाचे आदेश आहेत. आपल्याकडे खासगी गाडीला १५ वर्षांनी तपासणी करून ५ वर्षांचं नूतनीकरण मिळतं. भाऊकाकांनी २०१६ ला केलं होतं. २०२१ ला संपलं, मग ते आजारी पडले.

संदेश: तेच. मी रिन्यू करून घेतो. बाबांची आठवण आहे, ठेवायची आहे.

साखरकर: संदेश, भाऊंबद्दल आदर आहे. पण ही गाडी पासिंगला उभी राहणार नाही. लिहून देतो.

प्रणाली: शिवाय २० वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाचं शुल्क आता १० हजार आहे, ऑगस्ट २०२५ पासून. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा.

राणे: नायतर २०५१ पर्यंत थांबा. ५० वर्सां झाली की विंटेज म्हणान नोंद जाता. मगे काकू तिकीट लावन दाखवतली.

वैद्य काकू: मी तोवर असेन का रे मेल्या?

संदेश: हसायचं असेल तर हसा. पण माझा साधा प्रश्न आहे. गाडी कंपनीने बनवली, विकून पैसे कमावले. मग शेवटी मालकानेच का निस्तरायचं? कंपनीने न्यावी.

जोशी काका: अगदी बरोबर. आमची मुलगी श्टुटगार्टला असते, तिकडे युरोपात २००० सालचा नियम आहे. शेवटच्या मालकाकडून कंपनीने गाडी फुकट परत घ्यायची. गाडीच्या वजनाच्या ९५ टक्के पुन्हा उपयोगात आलंच पाहिजे.

शिर्के: आली श्टुटगार्ट.

प्रणाली: काका म्हणतात ते खरं आहे. जपानात उलट, तिथे मालकच नवी गाडी घेताना रिसायकलिंगची फी भरून ठेवतो, २००५ पासून. एअरबॅग, एसीचा गॅस आणि गाडी दळल्यावर उरलेला चुरा, यांच्यासाठी.
आपल्याकडे १ एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नियम लागू झालेत. कंपनीवर जबाबदारी आहेच. २० वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या खासगी गाड्यांत जितकं पोलाद होतं, त्याच्या निदान ८ टक्क्यांएवढं दरवर्षी रिसायकल झाल्याचं दाखवायचं. २०३० नंतर १३, २०३५ नंतर १८. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राने गाडी मोडली की पोलादाच्या वजनावर प्रमाणपत्र तयार होतं, ते कंपनीने विकत घ्यायचं.

शिर्के: म्हणजे कंपनीने कागद विकत घ्यायचा आणि गाडी आपण ढकलत न्यायची?

प्रणाली: जवळजवळ तसंच. मला पण ते पटत नाही. शंभरातले आठ म्हणजे बाकीच्या कुठे जाणार? नाक्यावरच. पण मालकाचं काम त्यात स्पष्ट लिहिलंय. नोंदणी संपलेली गाडी म्हणजे आयुर्मान संपलेली गाडी. तिथून १८० दिवसांत कंपनीच्या जमा केंद्रात किंवा स्क्रॅपिंग केंद्रात पोचवायची.

संदेश: २०२१ ला संपली म्हणजे मी आधीच गुन्हेगार का?

प्रणाली: असं कोण म्हणतंय दादा? पण आणखी एक गणपती थांबू नका, एवढंच.

(हा मेसेज डिलीट करण्यात आला)

संदेश: शिर्के साहेब, डिलीट केलंत तरी वाचलंय मी.

लाड: सर्वांना नम्र विनंती 🙏🙏

कदम काका: फॉरवर्ड आला आहे. १५ वर्षांवरच्या सर्व गाड्या जप्त. ट्रॅक्टरसुद्धा. कृपया सर्वांनी वाचावे.

प्रणाली: काका, शेतीचे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर या नियमांतून वगळलेत 🙏 तुमचा गावचा टिलर सुरक्षित आहे.

कदम काका: बरं. पण कायदा आहे.

राणे: थांबा, गाऱ्हाणां घालतंय.
बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा, आज ह्या पार्किंगात जी काय आठशे अडकान पडली हा, तिचो जो काय आरसीचो, वारसाचो, तेलाचो गुंतो आसात, तो सोडव रे म्हाराजा

साखरकर: व्हय म्हाराजा

जोशी काका: व्हय म्हाराजा

शिर्के: आणि जो कोणी रंगकामाच्या आड येत असेल

संदेश: शिर्के साहेब!!

राणे: व्हय म्हाराजा 😂

वैद्य काकू: झालं हसून? संदेश, बाळा, मी भाऊंच्या हातचा चहा प्यायलेय, टाकी भरायला मोटर लावायला ते पहाटे उठायचे. मला त्या गाडीचा राग नाही. पण ते तेल बोअरमध्ये उतरलं तर पाणी सगळ्यांच्याच घरात येणार. तू काय ते ठरव.

संदेश: काकू, तुमच्यासाठी ठीक आहे. प्रणाली, आधी काय करायचं?

प्रणाली: आधी गाडी तुमच्या नावावर. वारसासाठी फॉर्म ३१ असतो, सोबत मृत्यूचा दाखला. मग सरकारच्या पोर्टलवर स्क्रॅपिंग केंद्रांची यादी आहे, जे सोयीचं असेल त्यांना फोन करून भाव आणि उचलायची सोय विचारा, सगळीकडे सारखं नसतं. गाडी जमा झाली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, मोडून झाली की स्क्रॅपिंगचं. दोन्ही जपून ठेवा. पहिल्यावर पुढच्या नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, करातही सूट असते, केंद्राच्या नियमात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, राज्य किती देतं ते आरटीओत विचारा.

साखरकर: तोपर्यंत खाली ट्रे ठेवतो. तेल आणि कूलंट काढून डब्यात भरतो, गटारात कोणी ओतायचं नाही. मजुरी नको. भाऊंनी माझ्या गॅरेजच्या उद्घाटनाला नारळ फोडला होता.

संदेश: साखरकर चाचा, आभारी आहे. शनिवारी येतो. बॅटरी कोणी नेली ते मात्र कळलं पाहिजे.

लाड: बॅटरीचा विषय मीटिंगमध्ये घेऊ.

शिर्के: गाडी गेल्यावर ती जागा वेटिंग लिस्टप्रमाणे मला. रजिस्टरमध्ये आहे.

जोशी काका: रजिस्टरमध्ये माझं नाव तुमच्या आधी आहे. वर्ष बघा.

कदम काका: १५ वर्षांवरची गाडी असेल तर पार्किंग देऊ नये.

शिर्के: काका, माझी बारा वर्षांची आहे.

राणे: म्हणजे अजून तीन वर्सां ह्योच ग्रुप 😄

वैद्य काकू: आधी ही गाडी हलू दे. मग भांडा.