मदत हवी आहे: पश्चिमेच्या खोलीसाठी कूलर कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

नमस्कार,

यजमानांची बदली झाल्यामुळे आम्ही नुकतेच रत्नागिरीहून नागपूरला आलो असून मनीषनगर भागात तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये भाड्याने राहू लागलो आहोत. घर लावण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू परवा एकाच दिवसात घेऊन झाल्या, परंतु त्यांतली सर्वांत महत्त्वाची वस्तू, म्हणजे कूलर, अजून ठरलेली नाही. त्याविषयी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सकाळी जयप्रकाशनगरहून मेट्रोने सीताबर्डीला जाऊन तेथे गाडी बदलली आणि चितार ओळ चौकाच्या स्थानकावर उतरलो. इतवारीच्या गल्ल्यांत स्वतःचे वाहन नेण्यापेक्षा हे बरे, असे शेजारच्या काकूंनी सांगितले होते आणि ते पूर्णपणे पटले. स्वयंपाकाची भांडी, किराणा ओळीतून महिन्याचे सामान आणि गांधीबागेतून पडद्यांचे जाड कापड एवढे दुपारपर्यंत झाले. सासूबाईंनी माठ स्वतः वाजवून निवडला.

त्यानंतर कूलरची दुकाने पाहिली आणि तेथे आम्ही अडलो. रत्नागिरीच्या दमट हवेत पाणी वाफ होऊन गारवा मिळण्याला फारसा वावच नसतो, त्यामुळे कूलर विकत घेण्याचा विचार आम्हाला कधी करावा लागला नाही. येथे मात्र २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेल्याची नोंद आहे आणि नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांविषयी शेजारी ज्या गांभीर्याने बोलतात, ते ऐकून सासूबाईंच्या खोलीची काळजी वाटू लागली आहे. त्यांचे वय ७८ आहे, त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि त्यांच्या खोलीची एकुलती एक मोठी भिंत पश्चिमेला आहे. त्यांना एसीचा गारवा सोसत नाही, सांधे धरतात. शिवाय दीड टनाच्या एसीला साधारण दीड किलोवॉट वीज लागते, तर कूलरचे काम दोन-अडीचशे वॉटमध्ये भागते, हेही आमच्यासाठी महत्त्वाचे आहे.

एका दुकानदाराने लोखंडी कूलरची बाजूची जाळी काढून आम्हाला आतली रचना दाखवली. नवे वुडवूल (पाणी धरणारा लाकडाच्या बारीक तंतूंचा थर) सोनेरी आणि सुटसुटीत दिसत होते, परंतु पंप सुरू केल्यावर पाणी मधल्या भागातूनच उतरले आणि दोन्ही कडांना हातभर पट्टा कोरडा राहिला. वरच्या पन्हळीची छिद्रे मोकळी केली की पाणी सगळीकडे उतरेल, असे त्यांनी सांगितले. ‘ताई, प्लॅस्टिकचा दिसायला छान, पण मे महिन्यात हाच तुम्हाला साथ देईल,’ असे ते वारंवार म्हणत होते. पुढच्याच दुकानात नेमका उलट सल्ला मिळाला: प्लॅस्टिकची बॉडी आणि हनीकोंब पॅड (मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेले जाड कागदी पॅड) घ्या, गंजायची भीती नाही आणि शॉकचीही नाही. दोघेही आपापल्या मालाविषयी बोलत असल्यामुळे निर्णय घेणे अवघड गेले.

आमची खरी अडचण बसवण्याची आहे. सोसायटीच्या नियमानुसार खिडकीबाहेर लोखंडी स्टँड लावून कूलर टांगता येत नाही. खोलीत ठेवला, तर तो आतलीच ओलसर हवा पुन्हा पुन्हा ओढेल आणि काही वेळात गारवा जाऊन नुसता चिकचिकाट उरेल, एवढे आम्हाला समजते. खोलीला लागून लहान बाल्कनी आहे आणि तिला सरकते काचेचे दार आहे. कूलर बाल्कनीत ठेवून त्याचे तोंड दाराच्या फटीत बसवावे आणि उरलेली जागा प्लायवूडने बंद करावी, असा विचार आहे. असे कोणी केले आहे का? त्या वेळी समोरच्या स्वयंपाकघराची खिडकी किती उघडी ठेवावी लागते, आणि दुपारी बाल्कनीतली तापलेली हवा ओढली गेल्याने गारवा फार कमी होतो का, हे कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आमच्या इमारतीच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळले जाते आणि नव्या बादलीवर आताच पांढरे डाग दिसू लागले आहेत. अशा क्षारयुक्त पाण्यात वुडवूल टिकते की हनीकोंब, आणि हंगामात किती वेळा ते बदलावे किंवा धुवावे लागते?

तिसरी बाब सुरक्षिततेची असून तिच्यात मला कोणतीही तडजोड नको आहे. कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या, त्यांत लहान मुलेही असल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, आणि तीन पिनांचा प्लग व अर्थिंग तपासून घेण्याचे आवाहन महावितरणही करते. सासूबाई दुपारी घरी एकट्याच असतात. पाणी भरताना वीज बंद करण्याची सवय आम्ही त्यांना लावत आहोत, तरीही लोखंडी कूलर घेतल्यास त्या प्लगच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवावा, असे माझे मत आहे. भाड्याच्या घरात हे काम करून घेताना घरमालकांशी कसे बोललात, आणि इमारतीचे अर्थिंग ठीक आहे की नाही हे तपासायला कोणाला बोलावलेत, हे अनुभवी मंडळींनी लिहावे.

सांगितलेला भाव येत्या रविवारपर्यंतच मिळेल, असे दोन्ही दुकानदारांनी बजावले आहे. त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तरे आली तर फार उपकार होतील. बाल्कनीच्या दाराची मोकळी रुंदी अडीच फूट आहे.