पुण्यातून स्पीड फ्लाईंग : आधी विंग घ्यावी की आधी डोंगर शोधावा?

उताराचा_नाद

कामशेतला पॅराग्लायडिंगचं पी टू (शिकाऊंचा दुसरा टप्पा) झालं. मोठ्या ग्लायडरवर थर्मल (वर चढणारी गरम हवा) शोधत घारीबरोबर गोल गोल फिरण्यात मला फारसा रस नाही, हेही त्यात कळलं. मला उताराला लगटून खाली यायचंय. म्हणजे स्पीड फ्लाईंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पॅराग्लायडरसारखीच कापडी विंग, पण निम्म्या आकाराची किंवा त्याहून लहान, साधारण ८ ते १४ चौरस मीटर. फ्रेंच आल्प्समध्ये या शतकाच्या सुरुवातीला लोक स्की लावून हे करायचे, नंतर बर्फ नसलेल्या डोंगरांवरून पायांनी पळत निघायला लागले.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "आधी दोन-तीन वर्षं मोठ्यावर उड." का? छोटी विंग सहजासहजी मिटत नाही. एप्रिलच्या संध्याकाळी पश्चिमेचा वारा ताशी ३० किमीच्या वर गेला की मोठे ग्लायडर गुंडाळून ठेवावे लागतात, तेव्हा छोटी विंग आरामात पुढे सरकते. आणि थर्मलमध्ये तासन् तास घालवून उतारावरचं वळण कसं काय येणार?

एक जण १३ चौरस मीटरची वापरलेली विंग विकतोय. माझं वजन ६८. डोंगरांचं म्हणाल तर पुण्याला काय तोटा आहे? सिंहगडाची आतकरवाडीकडची बाजू नुसती बघा. बोला, काय चुकतंय?

कोथरूडचा_वारा

"मिटत नाही" हे अर्धं खरं. लोडिंग (विंगच्या चौरस मीटरला येणारं वजन) जास्त म्हणून आत दाब जास्त, त्यामुळे कमी मिटते, मान्य. पण या खेळात माणसं जायबंदी होतात ती बहुतेकदा धडधाकट, फुगलेल्या विंगखाली. जमिनीजवळ वळण घेतलं, ब्रेक जरा जास्त ओढला गेला, विंग कलंडली आणि नाक खाली घालून सुटली. ती सरळ व्हायला जी उंची लागते तीच तुमच्याकडे नसते, कारण जमिनीजवळ उडणं हाच तर खेळ. रिझर्व्हला, म्हणजे संकटातल्या छत्रीला, उघडायलाही तेवढी जागा मिळत नाही.

आता तुझाच हिशेब. सामान धरून ७८ किलो. २६ च्या ग्लायडरवर चौरस मीटरला ३ किलो, १३ वर ६. लोडिंग दुप्पट झालं की वेग दुपटीच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे ताशी ३७ चा ५२. ऐकायला फार वाटत नाही. पण आपटल्यावरची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ती सरळ दुप्पट. हे ट्रिमर (सोडले की विंगचा वेग वाढवणारे पट्टे) बंद ठेवून. ते सोडलेस की ७० सहज.

शिवाय शिक्क्याचं बघ. पॅराग्लायडरला ईएन (युरोपीय मानक) ए, बी, सी, डी असा दर्जा असतो. बहुतेक स्पीड विंगवर फक्त ईएन ९२६-१ ची भारचाचणी असते. म्हणजे फाटणार नाही एवढी हमी. तुझ्या चुकीला ती किती सांभाळून घेईल, याबद्दल त्या शिक्क्यात अवाक्षर नाही.

छत्रीवाला

झाली भीती घालायला सुरुवात. गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. वेग जास्त म्हणून आधी वर्षानुवर्षं हळू उड, यात शिकण्याचा संबंध कुठे आला? मोठ्या ग्लायडरवर अंगात मुरलेल्या सवयी इथे आड येतात. तिथे लँडिंगला ब्रेक लवकर आणि खोल घ्यायची सवय असते. इथे वेग शेवटपर्यंत राखायचा आणि फ्लेअर (टेकताना ब्रेक पूर्ण ओढणं) एकदाच, वेळेवर. मोठ्यावर मुरलेला माणूस छोट्या विंगवर हटकून लवकर ब्रेक मारतो आणि मग वरून धपकन बसतो.

युटामधल्या पॉइंट ऑफ द माउंटनसारख्या गवताळ, एकसारख्या टेकडीवर माणूस छोट्या विंगवर टप्प्याटप्प्याने शिकू शकतो. खाली दगड नाही, झाड नाही. धागाकर्त्याचं चुकतंय ते विंगमध्ये नाही, डोंगरात.

५ ला १ ग्लाइडची (पाच मीटर पुढे जाताना एक मीटर खाली येणारी) विंग हवेत ११ अंशांच्या आसपास उतरत येते, ४ ला १ असेल तर १४. जमिनीचा उतार सलग त्याहून तीव्र हवा, नाहीतर मध्येच पाय टेकतील. आपला सह्याद्री असा सलग कुठे आहे? लाव्हाचे थर एकावर एक, म्हणून उभा कातळ, मग सपाट माची, मग झाडोरा, मग पुन्हा कातळ. कड्यावरून निघालास की जमीन एकदम दोनशे फूट खाली, लगटायचं कशाला? आणि पुढची माची येते तेव्हा तीच गळ्याशी येते. वारा असला तर कड्याच्या काठावर तो दाबला जाऊन दुप्पट जोराने वर येतो आणि पठारावर दोन पावलं मागे रोटर, म्हणजे वाऱ्याचा भोवरा. छोटी विंग घेऊन त्या काठावर उभं राहायला शिकाऊ माणूस नको, एवढं मीही म्हणेन.

गडवाट

सिंहगडाचं नाव काढलंत म्हणून लिहितोय, उडण्यातलं मला काही कळत नाही. रविवारी सकाळी आतकरवाडीची वाट पाहिली आहे का? लिंबू सरबताच्या टोपल्या घेतलेल्या मावश्या, पोरंटोरं, पाठीला सॅक लावून पळत चढणारे. त्यांच्या डोक्यावरून ताशी ६० ने जाणार तुम्ही? उतार वनखात्याचा, वर दूरदर्शनचा मनोरा, पायथ्याच्या अलीकडे एनडीए, आणि पुण्याच्या आकाशावर लोहगावच्या हवाई दलाचं लक्ष. एखाद्याने हौसेने उडी टाकली तर बंदी येईल ती सगळ्यांवर, आम्हा चालणाऱ्यांवरसुद्धा.

उताराचा_नाद

सिंहगड सोडला, मान्य. मग कामशेतच. तिथे लोक उडतातच की. रोज.

नाणे_मावळ

कामशेतच्या मागच्या गावचा आहे मी, उडत नाही, शेती आहे. लहानपणापासून छत्र्या बघतोय.

वरून आमची रानं मोकळी दिसतात तुम्हाला. खाली येऊन बघा. दिवाळीच्या पुढंमागं इंद्रायणी भात कापला की खाचरात धसकटं राहतात वीतभर, खिळ्यासारखी. मग कुणी हरभरा टाकतो, कुणी वाल. प्रत्येक खाचराला बांध, गुडघाभर ते कमरेएवढा. विहिरीच्या मोटरीच्या तारा खांबावरनं झोळ पडलेल्या, त्या वरून दिसतच नाहीत. आता त्यात फार्महाऊसवाल्यांनी प्लॉट पाडून काटेरी तारेची कुंपणं घातलीत. दर साली उतरायला जागा कमी.

मोठी छत्री तरंगत तरंगत शेवटच्या पडीक रानापर्यंत जाते, त्या पोराला निवडायला वेळ मिळतो. ही छोटी जिथं संपेल तिथं संपेल. बांधावर पाय आदळला तर काय होतं ते आम्हाला बैलांमुळं ठाऊक आहे.

शाळावाल्यांचं गावाशी जमलेलं आहे, कारण ते विचारून उतरतात आणि नुकसान झालं तर भरून देतात. तुम्ही एकटे याल, कुणाच्या हरभऱ्यात घुसाल, आणि भांडण शाळेच्या पोरांच्या अंगावर येईल. याचा कुणी विचार केला का? आणि हो, त्या बारीक दोऱ्या करवंदीच्या जाळीत गुंतल्या की कोयत्याशिवाय निघत नाहीत. बघितलंय.

दोरीत_पाय

दादांनी जे सांगितलं ते कुठल्याही साइटच्या माहितीत सापडणार नाही, धन्यवाद. छोट्या विंगच्या दोऱ्यांवर बऱ्याचदा आवरण नसतं. काट्यात अडकून ओढली गेलेली एखादी दोरी काही मिलिमीटर लांबली, तरी ५० च्या वेगात विंग एका बाजूला ओढायला लागते.

मी शिकवते, तेव्हा माझं मत ठरलेलं समजा. पण छत्रीवालांचं म्हणणं मी पूर्ण खोडणार नाही. थर्मलमधले तास इथे फार उपयोगी पडत नाहीत, खरंच. उपयोगी पडतं ते जमिनीवरचं. विंगकडे न बघता ती डोक्यावर कुठे आहे हे कळलं पाहिजे. ते मोकळ्या मैदानात, वारा असताना, तंगड्या मोडेपर्यंत करायचं काम आहे आणि त्याला ना डोंगर लागतो ना परवानगीची भानगड. बहुतेकांना ते कंटाळवाणं वाटतं, म्हणून विंग विकायला निघतात.

आणखी एक. कामशेतची १२० मीटर उंची धरली आणि तुझी १३ ची विंग सेकंदाला तीन मीटर खाली आली, तर उड्डाण चाळीस सेकंदांचं. ट्रिमर सोडलेस तर पंचवीस. दुसऱ्या वळणाला चूक दुरुस्त करायलाही वेळ नाही. तुर्कस्तानात ओलुडेनिझला बाबादाग डोंगरावरचे टेक-ऑफ १७०० आणि १९०० मीटरवर आहेत आणि खाली समुद्रकिनारा. तिथे उंचावर, जमिनीपासून लांब, विंग काय करते ते निवांत बघता येतं. जमिनीजवळ यायचं ते त्यानंतर.

उताराचा_नाद

म्हणजे तुर्कस्तानचं तिकीट काढल्याशिवाय शिकूच नये? पाचगणी आहे ना! वर १३०० मीटर, खाली वाई सातशेच्या आसपास.

दोरीत_पाय

उंची आहे, पण छत्रीवालांनी सांगितलेला कातळ तिथेही आहेच. १६ ते १८ ची मिनी विंग घेऊन, सकाळी हवा तापायच्या आत, वरून सरळ तरंगत खाली, मोठी वळणं, ठरलेल्या रानात लँडिंग : एवढ्यासाठी जा, कुणी जाणतं माणूस सोबत असेल तर. स्पीड फ्लाईंग नव्हे ते. पण ७८ किलोला १८ वर लोडिंग ४.३ होतं, मोठ्याच्या आणि १३ च्या मधलं.

छत्रीवाला

१८ घेऊन सहा महिन्यांत विकशील आणि पैसे दोनदा घालवशील. १५ घे. मैदानात हवी तेवढी घासता येते.

कोथरूडचा_वारा

१५ वर ५.२. म्हणजे १३ च्या जास्त जवळ, १८ च्या नाही. छत्रीवाले, तुमचा स्वतःचा पहिला आकार कुठला होता ते सांगा की एकदा.

छत्रीवाला

२०. पण तेव्हा बाजारात दुसरं मिळत नव्हतं.

कोथरूडचा_वारा

बरं.

धागाकर्त्या, ती १३ ची बघायला गेलास तर विकणाऱ्याचं वजन विचार. पन्नास-पंचावन्न किलोचा असेल तर त्याने "अगदी शांत विंग आहे" म्हटलेलं तुला लागू नाही. कापडाची पोरोसिटी (त्यातून हवा किती झिरपते ते) आणि दोऱ्यांच्या लांबीचा चेकिंग रिपोर्ट माग. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत ये.

उताराचा_नाद

विचारलं. ५८ किलो. रिपोर्ट नाही म्हणाला, "एकदम फ्रेश आहे" म्हणाला. १८ कुणाकडे आहे का?