मदत हवी आहे: गुलाबावरचे काळे ठिपके थांबत नाहीत

नमस्कार मंडळी. माझ्या गुलाबांच्या खालच्या पानांवर झालरीसारख्या कडांचे काळे ठिपके येतात, भोवतीचा भाग पिवळा पडतो आणि पान गळतं. फांद्या खालून उघड्या पडत चालल्यात. शेंड्यांना कळ्या भरपूर आहेत, म्हणून जीव जास्त तुटतो. भुरी नाही, पांढरी पावडर कुठेच नाही.

हे ठिपके बुरशीचे असतात; तिचे बीजाणू रुजायला पान सलग 7 तासांच्या आसपास ओलं राहावं लागतं, म्हणून पाणी सकाळीच आणि फक्त मुळाशी देते. गळलेली पानं वेचून टाकते, कंपोस्टमध्ये घालत नाही. गंधकाची फवारणीही चालू आहे, पण ती नवी पानं वाचवते, लागलेलं पान बरं करत नाही.

मुख्य अडचण ही: झाड आधीच उघडं झालेलं असताना ठिपक्यांची उरलेली सगळी पानं काढावीत का, की अन्न तयार करायला थोडी ठेवावीत? आणि कळ्या असताना मधल्या दाट फांद्या छाटल्या तर चालेल का? हवा खेळायला हवी हे पटतंय, पण छाटायला हात धजत नाही.

सततच्या पावसात फवारणी धुऊन जाते, तेव्हा तुम्ही काय करता तेही सांगा. स्वतः करून पाहिलेलं असेल तर फार बरं.