किरणच्या बाजूनं

‘डर’ सिनेमातला (१९९३) राहुल खलनायक असला तरी खरं प्रेम त्याचंच, असं बरेच जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. ज्या किरणचा तो पाठलाग करतो, तिच्या वाट्याला दचकण्यापलीकडं काय आलंय? परभणीला कॉलेजात असताना माझ्या मैत्रिणीच्या मागं असाच एक जण लागला होता. ती एसटीत चढली की हा मागच्या सीटवर. सगळ्या वाटंनं ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसायची, बोट पांढरं पडायचं. पोरं त्याला कौतुकानं ‘दिवाना’ म्हणायची! पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्यात आला तो थेट २०१३ साली, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-ड. तोवर घरच्यांनी तिचं कॉलेज कधीच बंद केलं होतं. राहुलसाठी हळहळणाऱ्यांनी एकदा ते बोट बघायला पाहिजे होतं.