एकसर जोडणीत ‘करंट संपतो’ हा मुलांचा समज कसा दूर करावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

मी नाशिकजवळच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. वर्गातील बरीच मुले दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरची आहेत. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो, म्हणून आधीच सांगतो.

दहावीचा ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ सुरू करण्यापूर्वी मी फळ्यावर विद्युतघट आणि एकसर जोडणीतील (एकाच वाटेवर एकापाठोपाठ जोडलेले) दोन सारखे दिवे काढले आणि कोणता दिवा अधिक प्रकाश देईल ते कारणासह वहीत लिहायला सांगितले. बहुतेकांनी धन अग्राजवळचा दिवा निवडला. कारण असे, की पहिला दिवा थोडा करंट खातो आणि उरलेला पुढच्याला मिळतो. हीच मुले नववीत ‘एकसर जोडणीत सर्व रोधांतून समान धारा वाहते’ हे वाक्य बिनचूक लिहून गुण घेऊन आली आहेत.

दोष काही अंशी माझाच आहे. धारा समजावताना मी नेहमी पाण्याची उपमा देतो, आणि या मुलांच्या डोळ्यांसमोर पाणी म्हटले की ठिबक सिंचनाची लॅटरल, म्हणजे वेलींच्या ओळीतून जाणारी नळी येते. तिथे प्रत्येक ड्रिपरपाशी पाणी खरोखरच बाहेर पडते आणि ओळीतल्या शेवटच्या वेलीला ते कमी मिळाल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. म्हणजे मी जो समज खोडायला निघालो होतो, त्यालाच खतपाणी घालत होतो.

त्यानंतर टॉर्चचे दोन दिवे जोडून दाखवले, तर दुर्दैवाने धन अग्राकडचाच दिवा किंचित जास्त पेटला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. एकाच खोक्यातील दिव्यांच्या रोधातही थोडा फरक असतो, हे माझ्या ध्यानात राहिले नव्हते. दिव्यांची अदलाबदल केल्यावर जास्त प्रकाश त्या दिव्याबरोबरच दुसऱ्या जागी गेला, पण तोवर मुलांचे मत ठरून गेले होते. अमीटर दिव्यांच्या अलीकडे आणि पलीकडे जोडला, दोन्हीकडे सुई एकाच रेषेवर थांबली, त्यावर एक मुलगी म्हणाली, “सर, एवढा बारीक फरक ही सुई दाखवणारच नाही.” शंका रास्त होती, त्यामुळे तिला रागावताही येईना. आणि शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “जेवढा करंट जातो तेवढाच परत येत असेल, तर लाइटबिल कशाचे येते?” बिल ऊर्जेचे येते असे सांगून मी किलोवॅट-तासाचे गणित करून दाखवले; मुलांनी ते मुकाट्याने उतरवून घेतले, एवढेच.

याउलट, चुंबक प्रत्येक धातूला चिकटते हा समज एका तासात गेला. भांडी बाजारातून घेतलेला तांब्याचा तांब्या आणि पितळी ताम्हन मुलांच्या हाती दिले, चुंबक फिरवायला सांगितले आणि विषय मिटला. धारेच्या बाबतीत असे हाती धरता येण्याजोगे काय द्यावे, याविषयी अनुभवी शिक्षकांचे मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद :

सर, पाण्याची उपमा काही दिवस बाजूला ठेवावी आणि वर्गात सायकल आणावी. ती उलटी उभी करून चेनीच्या एका कडीला खडूने खूण करावी, एका मुलाला पॅडल फिरवायला सांगावे आणि दुसऱ्याला मागच्या टायरवर फडके दाबून धरायला सांगावे. चेन मंदावते ती चाकाच्या पुढे-मागे सगळीकडे एकदमच, आणि कडी मात्र एकही कमी होत नाही. फडके गरम होते आणि पॅडल मारणारा दमतो. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेतून १ अँपिअर धारा वाहताना इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर पुढे सरकतात, हेही त्याच वेळी सांगावे. इलेक्ट्रॉन इतके हळू सरकत असूनही बटण दाबताच दिवा का लागतो, हे चेनीवरून आपोआप कळते. मात्र चेन हलवण्याआधी प्रत्येकाचा अंदाज लेखी घ्यावा, नाहीतर ‘आम्हाला हेच म्हणायचे होते’ असे सगळेच म्हणतात.

धागालेखक :

आपले मनःपूर्वक आभार. काल शिपाईकाकांची सायकल वर्गात आणली. फडके धरणाऱ्याने हात झटकला तेव्हा हशा पिकला, आणि लाइटबिलाचा प्रश्न विचारणारा मुलगाच म्हणाला, “म्हणजे बिल पॅडल मारण्याचे, चेनीचे नाही.” सुईवर शंका घेणाऱ्या मुलीने मात्र डिजिटल मीटर मागितला आहे, तो मिळवतो.

आता अडचण समांतर जोडणीची (प्रत्येक दिवा घटाला वेगळ्या वाटेने जोडण्याची) आहे, कारण तिथे चेन कामाला येत नाही. घट ठरावीकच धारा देतो असे धरून, दुसरा दिवा जोडल्यावर पहिला निम्मा होईल असे मुले म्हणतात, आणि सेल जुने असतील तर सेलच्या आतल्याच रोधामुळे (अंतर्गत रोध) तो खरोखर मंदावतो. यासाठी नव्या सेलखेरीज आणखी कोणती काळजी घ्यावी? तो तास येत्या गुरुवारी आहे.