सिंगापूर-क्वालालंपूर सहल: मध्यरात्रीचे विमान, हॉटेलची तारीख आणि ने-आण यांविषयी सल्ला हवा

खानापूरकर (प्रश्न)

नमस्कार. येत्या दसऱ्याच्या सुटीत (आपल्याकडे बेळगाव भागात शाळांना मधली मोठी सुटी दिवाळीऐवजी दसऱ्यालाच मिळते) सिंगापूरला तीन रात्री आणि क्वालालंपूरला तीन रात्री राहण्याचा आमचा बेत आहे. आम्ही दोघे, तेरा व आठ वर्षांची दोन मुले आणि सत्तरीला टेकलेले सासू-सासरे असे सहा जण आहोत आणि सर्वांचीच ही पहिली परदेशवारी आहे.

बेळगावातील एका सहल-व्यावसायिकाने पुढीलप्रमाणे आराखडा दिला आहे. सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) बेंगळूरपर्यंत एका कंपनीचे विमान, तेथून १४ तारखेला रात्री १२.४० वाजता दुसऱ्या कंपनीचे सिंगापूरचे विमान, सिंगापूरहून क्वालालंपूरला बसने आणि परतीला क्वालालंपूरहून रात्री साडेदहाला बेंगळूरला उतरणारे विमान. सिंगापूरच्या हॉटेलच्या व्हाउचरवर १४ तारखेला दुपारी तीननंतर प्रवेश असे लिहिले आहे. विमानतळावरून ने-आण ‘एसआयसी’ पद्धतीने होईल असे ते म्हणतात.

सकाळी पोहोचल्यावर दुपारपर्यंत वयस्क माणसांना घेऊन कोठे बसावे, बसचा प्रवास त्यांना झेपेल का आणि दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे घेण्यात धोका आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. गोव्याहून जाणे सोयीचे पडेल, असेही घरात एक मत आहे.

टिळकवाडीकर

आपल्या आराखड्यात मला सर्वप्रथम खटकली ती तारीख. १४ तारखेचे रात्री १२.४० म्हणजे आपल्या बोलण्यातील १३ तारखेची रात्र होय, त्यामुळे १३ तारखेला संध्याकाळीच आपण देवनहळ्ळीच्या, म्हणजे बेंगळूरच्या, विमानतळावर असायला हवे. सांबऱ्याचे तिकीट १३ तारखेचे आहे की १४ तारखेचे, हे आजच तपासून घ्या. २०१९ मध्ये बँकॉकला जाताना आम्ही स्वतः हीच चूक केली होती. बेळगावहून निघण्याचे तिकीट एक दिवस उशिराचे काढले गेले आणि ते ध्यानात आले वेब चेक-इन करताना. देशांतर्गत तिकिटाचे पैसे बुडाले आणि आम्ही रात्रीच्या बसने बेंगळूर गाठले.

आता हॉटेलविषयी. बेंगळूरहून सिंगापूरला सुमारे साडेचार तास लागतात आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणून आपण तेथे पावणेआठच्या सुमारास उतराल. शरीराला मात्र ती पहाटेची सव्वापाचची वेळ वाटेल. विमानतळावरील सोपस्कार आटोपून नऊ-साडेनऊपर्यंत हॉटेलात पोहोचलात, तरी खोली मिळायला पाच-सहा तास उरतात. लवकर प्रवेश देण्याची विनंती करता येते, पण खोली रिकामी असेल तरच ती मान्य होते, त्यामुळे तिला आश्वासन समजू नये.

माझा सल्ला असा की, तीन खोल्या घेत असाल तर त्यांपैकी फक्त एक, सासू-सासऱ्यांची, १३ तारखेपासून आरक्षित करावी. एका रात्रीचे जादा पैसे जातील, परंतु पोहोचताच वयस्क मंडळी आडवी होतील, सर्वांच्या आळीपाळीने अंघोळी होतील, बाकीचे सामान हॉटेलच्या सामान-खोलीत राहील आणि मुलांना घेऊन आपण बाहेर पडू शकाल. यात एक गोष्ट विसरता कामा नये. ‘आम्ही १३ तारखेची खोली घेतली असली, तरी प्रत्यक्षात १४ तारखेला सकाळी येणार आहोत’ असे हॉटेलला लेखी कळवावे, विमानाचा क्रमांक द्यावा आणि हॉटेलचे उत्तर व्हाउचरबरोबर ठेवावे. तसे न केल्यास १३ तारखेच्या रात्री कोणी आले नाही म्हणून हॉटेल आपल्याला ‘नो-शो’ ठरवते आणि पुढच्या रात्रींचे आरक्षणही रद्द होऊ शकते.

दोन वेगळ्या तिकिटांचा धोका खरा आहे. दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असतील, तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय लावण्याची जबाबदारी कंपनीवर येते. तिकिटे वेगळी असतील तर दुसरी कंपनी आपल्याला सरळ अनुपस्थित धरते. सांबऱ्याहून उडणाऱ्या विमानांची संख्या मर्यादित असल्यामुळे एक रद्द झाले की त्याच दिवशी दुसरे मिळेलच असे नाही. म्हणून मी सांबऱ्याचे तिकीट सोडून १३ तारखेच्या वंदे भारतने जाईन. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली ही गाडी बेळगावहून पहाटे सुटून दुपारी बेंगळूरला पोहोचते, त्यामुळे तीन-चार तास उशीर झाला तरी विमान चुकत नाही. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तेवढे पाहून घ्या. यशवंतपूरला उतरलात तर शहराच्या मध्यभागात शिरावे लागत नाही. स्वतःचे वाहन करणार असाल, तर महामार्गावरून डाबसपेटला वळून दोड्डबळ्ळापूरमार्गे देवनहळ्ळी गाठता येते.

कणकुंबीकर

गोव्याविषयी थोडक्यात लिहितो. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातील मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्या भागातील बरेच लोक तिकडे वळले आहेत आणि आखाती देशांकडे थेट विमान मिळत असेल तर ते योग्यही आहे. परंतु सिंगापूरसाठी गोव्याहून पुन्हा बेंगळूर किंवा मुंबई गाठावी लागणार असेल, तर चोर्ला घाट उतरून नेमके काय साधले, असा प्रश्न पडतो. शिवाय पावसाळा संपता संपता त्याच वाटेवरील जांबोटी-कणकुंबी रस्त्याची जी अवस्था असते, ती आम्ही रोज पाहतो.

निपाणीकर

‘एसआयसी’ म्हणजे इतर पर्यटकांबरोबर एकाच गाडीत बसून जाणे, हे आपल्याला व्यावसायिकाने नीट समजावलेले दिसत नाही. या गाडीसाठी विमानतळावर इतरांची वाट पाहावी लागते, नंतर ती एकेका हॉटेलवर थांबत जाते आणि आपले हॉटेल शेवटचे असेल तर अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास लागतात. स्थलदर्शनासाठी ही पद्धत वाईट नाही. पण रात्रभर जागून आलेल्या वृद्धांसाठी, निदान पोहोचण्याच्या आणि परतण्याच्या दिवशी स्वतंत्र वाहनच मागावे. गाडीत माणसे किती बसतील याबरोबरच बॅगा किती मावतील हेही विचारावे, कारण सात आसनी गाडीत सहा माणसे बसली की मागे दोन मोठ्या बॅगांपलीकडे फारसे काही राहत नाही. सिंगापूरच्या साध्या टॅक्सीत चारच प्रवासी घेतात. ऐन वेळी ग्रॅब ॲपवरून सहा आसनी गाडी मागवता येते.

चांगी विमानतळ शहराला लागूनच आहे. क्वालालंपूरचा मात्र सेपांग येथे, शहरापासून पन्नास किलोमीटरहून दूर आहे. पहिल्या टर्मिनलपासून केएल सेंट्रल स्थानकापर्यंत जलद रेल्वेने २८ मिनिटे लागतात. तथापि सहा जणांची तिकिटे आणि पुढची टॅक्सी धरली तर एक मोठी गाडी स्वस्त पडते, असा माझा हिशेब आहे.

बसचा प्रवास साधारण साडेतीनशे किलोमीटरचा आहे. रस्ता उत्तम आणि आसने ऐसपैस असतात, परंतु सिंगापूर सोडताना एकदा आणि मलेशियात शिरताना पुन्हा एकदा बसमधून उतरून तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि दुसऱ्या वेळी सगळे सामान हातात घ्यावे लागते. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरील कोगनोळीच्या नाक्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना सरहद्दीचे अप्रूप नसले, तरी सत्तरीच्या माणसाने बॅग ओढत जिने चढणे ही निराळी गोष्ट आहे. विमान तासाभराचे असले तरी दोन्हीकडच्या विमानतळांवरचा वेळ धरला तर एकूण फरक फारसा राहत नाही. मी असतो तर बसनेच गेलो असतो, मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी सिंगापूर व मलेशियाला जोडणाऱ्या जोहोरच्या पुलावर वाहनांची मोठी रांग लागते.

सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो; मलेशियाने भारतीयांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत व्हिसातून सूट दिली आहे. दोन्ही देशांचे आगमनपत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य असते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे त्रयस्थांची असतात.

खाण्याच्या पदार्थांविषयी एक सूचना करतो. आपल्या घरच्या डिंकाच्या लाडवांत खसखस असते आणि सिंगापुरात खसखस नेण्यास मनाई आहे, म्हणून सासूबाईंना या वेळी खसखशीशिवाय लाडू करायला सांगावे. सुके खोबरे चेक-इन सामानात ठेवायला २०२२ पासून भारतातच बंदी आहे. आम्ही निपाणीचे, तंबाखूच्या गावचे, म्हणून मुद्दाम सांगतो की खाण्याचा तंबाखू सिंगापुरात निषिद्ध आहे आणि सिगारेटच्या एका कांडीवरही कर भरावा लागतो. सासऱ्यांच्या खिशातील चंची बेळगावातच राहू द्यावी.

खानापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांबऱ्याचे तिकीट खरोखरच १४ तारखेचे निघाले होते. ते रद्द करून आता १३ तारखेच्या वंदे भारतची सहा आसने घेतली आहेत. एक खोली १३ तारखेपासून घेतली असून तसे हॉटेललाही कळवले आहे. सासरे चंचीच्या उल्लेखावर रुसले आहेत, पण लाडवांचे पटले. आता परतीचे तेवढे सांगावे. रात्री साडेदहाला बेंगळूरला उतरून सकाळच्या विमानाने सांबऱ्याला येणे योग्य ठरेल का?

टिळकवाडीकर

साडेदहाला उतरल्यावर पासपोर्ट तपासणी, सामान आणि कस्टम यांत बारा वाजतील. त्यानंतर देशांतर्गत विमानासाठी टर्मिनल बदलावे लागू शकते आणि पहाटे पुन्हा रांगेत उभे राहावे लागते, म्हणजे त्या रात्री कोणालाच झोप मिळणार नाही. त्यापेक्षा देवनहळ्ळी परिसरात दोन खोल्या घ्याव्यात, सकाळी निवांत उठावे आणि दुपारच्या वंदे भारतने रात्री बेळगावला यावे. येथेही तारखेचे तेच पथ्य आहे: खोली उतरण्याच्या तारखेचीच हवी आणि मध्यरात्र उलटल्यावर येणार असल्याचे हॉटेलला आधी कळवलेले असावे.

एखादी बॅग आली नाही किंवा फुटली, तर सामानाच्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वीच कंपनीच्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. आमची एक बॅग एकदा चार दिवस उशिरा आली आणि ‘बेळगाव’ एवढाच पत्ता लिहिल्यामुळे ती आणखी दोन दिवस शहरात फिरत राहिली, तेव्हा खानापूरचा पूर्ण पत्ता पिनकोडसह द्या.

सासू-सासऱ्यांसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी निदान ४८ तास आधी नोंदवा. जाण्याची आणि येण्याची तिकिटे वेगळ्या कंपन्यांची असल्यास ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे नोंदवावी लागते.