मॉडेल ए फोर्डच्या ब्रेक ड्रममध्ये वंगण लावावं की नाही?

आजोबांचीगाडी:
आमच्या घरी १९३० ची मॉडेल ए आहे. हिच्या ब्रेकमध्ये तेल नाही. पेडलपासून चारही चाकांपर्यंत लोखंडी सळ्याच. (फोर्डने १९३९ च्या गाड्यांपासून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक दिले.) पावसाळाभर गाडी उभी होती. परवा काढली, तर पेडल सोडल्यावरही पुढचं डावं चाक मोकळं होईना. ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) उतरवला. बॅकप्लेटवर (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावर) जिथे शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारा तुकडा, टेकतो तिथे नखाला लागेल एवढी खाच पडलेली आणि त्यात लाल गंज. लोखंडावर लोखंड कोरडं घासत ठेवणं मला पटत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आतही वंगण हवंच.

घाटवाट:
अजिबात नको! माझ्या गाडीला एका गॅरेजात आत ग्रीस भरलं होतं. खंबाटकी उतरताना ड्रम तापले, डाव्या बाजूचं ग्रीस पातळ होऊन लायनिंगवर (शूवरच्या घासणाऱ्या थरावर) आलं आणि ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे खेचली. शेजारी बायको, मागे दोन मुलं. लायनिंग पेट्रोलने धुतलं, तरी तापलं की तेल पुन्हा वर यायचं. शेवटी दोन्ही बाजूंना नवं लायनिंग रिव्हेट करून घेतलं.

आजोबांचीगाडी:
दादा, ते चासी ग्रीस, म्हणजे गाडीखालच्या सांध्यांना लावायचं, असणार. कॅल्शियमचं साधं ग्रीस १०० अंशांच्या आसपासच वितळतं, घाटात ड्रम त्याच्या पुढे जातो. मी म्हणतोय ते उष्णता सोसणारं तांब्याचं ग्रीस, तेही शू टेकतो तेवढ्याच जागी, काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल इतकं. हायड्रॉलिकमध्ये दाब आपोआप सारखा वाटला जातो. इथे एक सांधा जड झाला की त्या चाकाचा ब्रेक तेवढा कमी लागतो. गाडी कोरडेपणानेही खेचते.

जुनंलोखंड:
दोघेही आधी बाहेर बघा. या गाडीत पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या पोटातून एक पिन खाली उतरते आणि शू पसरवणाऱ्या आतल्या पाचरीला दाबते. ती गंजून अडकली तर पेडल सोडूनही शू मागे येत नाही. तुमचा आजार मला तोच वाटतो. सळ्यांची टोकं जोडणाऱ्या क्लेव्हिस पिनाही काढून बघा. भोकं लांबुळकी झाली असतील तर झिजलेलं लोखंड वंगणाने परत येत नाही, पिना नव्याच घाला. मागे ॲक्सलचं सील गळत असेल तर ते आधी बदला. आणि ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका! जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा.

घाटवाट:
काकांशी सहमत. पिना, सांधे, सळ्या हव्या तेवढ्या तेलात भिजवा. माझ्या ड्रममध्ये मात्र कोरड्या ग्रॅफाइटशिवाय काही जाणार नाही.

आजोबांचीगाडी:
काका, पिन खरंच अडकलेली निघाली. हातोडीचे हलके ठोके देत अर्ध्या तासाने सुटली. ती साफ करून बसवतो. पण बॅकप्लेटवरची खाच त्या पिनेने पाडलेली नाही. ती भरून, घासून सपाट करणार आणि वर काडीभर ग्रीस लावणारच.